नियमित देण्याची गोष्ट : एका पुस्तिकेच्या कामाच्या नोंदी

२ फेब्रुवारी २०२५, नौपाडा, ठाणे

काम ठरलं. चाळीसेक पानांची पुस्तिका, विषय मदत : एका देशाने दुसऱ्याला केलेली आणि माणसाने माणसाला केलेली. वाचक म्हणजे आमच्या अभ्यास मंडळातले लोक आणि त्यांच्या ओळखीपाळखीतले. भाषा सोपी, आकडे पक्के. दिवाळीच्या आत छापून हातात यायला हवी.

आत्ताच का, तेही लिहून ठेवते. २० जानेवारीला अमेरिकेच्या नव्या अध्यक्षांनी शपथ घेतली आणि त्याच दिवशी परदेशी मदत नव्वद दिवसांसाठी गोठवली. आफ्रिकेत एचआयव्हीच्या लाखो रुग्णांना अमेरिकेच्या पैशातून औषधं मिळतात. ही योजना धाकट्या बुश यांनी २००३ मध्ये सुरू केली आणि तिने अडीच कोटी जीव वाचवले असं अमेरिकेचं सरकारच सांगत आलं आहे. त्या आदेशानंतर कित्येक केंद्रांना कुलूप लागलं. एचआयव्हीची गोळी रोज घ्यावी लागते. खंड पडला की विषाणू पुन्हा डोकं वर काढतो, आणि पुढे तेच औषध लागू पडेल याची खात्री राहत नाही.

कोणी किती दिलं हे सगळे विचारतात. दिलेलं उद्याही मिळेल का, हे फार कमी लोक विचारतात. पुस्तिका या दुसऱ्या प्रश्नावर लिहायची.

९ फेब्रुवारी

जागतिक राजकारणावर लिहायचा मला काय अधिकार, असं मंडळातल्या एका ताईंनी विचारलं. प्रश्न रास्त आहे. मी निर्यातीच्या कागदपत्रांचं काम करते. रोज ट्रान्स हार्बरने तुर्भ्याला जाते, शिपिंग बिल, बिल ऑफ लेडिंग, विमा, सरचार्ज बघते. सध्या द्राक्षाचा हंगाम आहे. न्हावा शेवाहून रॉटरडॅमला जाणारे रीफर, म्हणजे माल थंड ठेवणारे, कंटेनर पूर्वी लाल समुद्रातून, सुएझमार्गे जायचे. नोव्हेंबर २०२३ मध्ये येमेनच्या हूथी बंडखोरांनी ‘गॅलेक्सी लीडर’ जहाज ताब्यात घेतलं आणि नंतर हल्ले सुरू केले. तेव्हापासून बहुतेक जहाजं आफ्रिकेला खालून वळसा घालतात. प्रवास दहा-बारा दिवसांनी वाढला, भाडं वाढलं, आणि नाशवंत मालाला हे दोन्ही झेपत नाही. दिंडोरीच्या बागायतदाराने येमेनचा नकाशा कधी पाहिला नसेल, पण त्याच्या भावात येमेन आलेला आहे.

त्याच समुद्राच्या काठावर पोर्ट सुदान आहे. सुदानमधल्या उपाशी माणसांसाठीचं धान्य तिथेच उतरतं. माझ्या टेबलावरच्या कागदात आणि त्या धान्यात अंतर वाटतं तितकं नाही. मी लिहीन ते इथूनच, या टेबलावरून.

२६ फेब्रुवारी

काल ब्रिटनच्या पंतप्रधानांनी जाहीर केलं की परदेशी मदत राष्ट्रीय उत्पन्नाच्या ०.५ टक्क्यावरून २०२७ पर्यंत ०.३ टक्क्यावर आणणार आणि वाचलेला पैसा संरक्षणाला देणार. श्रीमंत देशांनी ०.७ टक्के द्यावेत असा ठराव संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेने १९७० मध्ये केला होता. नॉर्वे, स्वीडन, डेन्मार्क, लक्झेंबर्ग यांनी तो वर्षानुवर्षं पाळला. ब्रिटनने तर २०१५ मध्ये त्याचा कायदाच केला होता. कायदा करूनही ही गत.

दुसऱ्या प्रकरणाची सुरुवात इथून.

१ मार्च

फेब्रुवारीची पगाराची स्लिप आली. व्यवसाय कर : ३०० रुपये. एरवी दरमहा २००, फेब्रुवारीत ३००, म्हणजे वर्षाचे २,५००. पहिल्या नोकरीपासून ही ओळ बघत आले आहे. आज तिच्या मागचा इतिहास नीट वाचून काढला आणि पुस्तिकेचा कणा सापडला.

वि. स. पागे विधान परिषदेचे सभापती होते, तासगावकडचे. काम मागेल त्याला काम, ही कल्पना त्यांनी तासगाव तालुक्यातल्या विसापूरला करून पाहिली. वसंतराव नाईक मुख्यमंत्री असताना ती सरकारने उचलली, आणि १९७२च्या दुष्काळात सगळ्या राज्याला तिची गरज कळली. पैसा कुठून आणायचा हा प्रश्न होताच. १९७५ मध्ये महाराष्ट्राने व्यवसाय कर लावला तो याचसाठी. शहरातल्या नोकरदाराने दरमहा थोडं द्यायचं आणि राज्याने त्यात तेवढीच भर घालायची. रोजगार हमीचा कायदा १९७७ मध्ये झाला, अंमलात आला १९७९ मध्ये. देशाला तसा कायदा मिळायला २००५ उजाडलं.

म्हणजे ठाण्या-मुंबईतला कारकून, बँकेतली बाई, कारखान्यातला फिटर, असे लाखो लोक माण-खटावच्या, आष्टी-पाटोद्याच्या बांधबंदिस्तीला पन्नास वर्षं हातभार लावत आले, आणि त्यातल्या बहुतेकांना ते ठाऊकही नाही. ना फोटो, ना सत्कार, ना देणगीदारांच्या फलकावर नाव. एवढ्या वर्षांत राज्यात कितीतरी सरकारं आली आणि गेली, पण पगाराच्या स्लिपवरची ती ओळ टिकली.

मला हे विलक्षण वाटतं. मदतीबद्दल इतकं वाचलं, पण इतकी शहाणी रचना क्वचित दिसली.

१६ मार्च

आत्याकडे कळव्याला गेले होते. ती माण तालुक्यातली, बहात्तरला सोळा-सतरा वर्षांची होती. तिला म्हटलं, दुष्काळाचं सांग, लिहून घेते.

“काय सांगायचं गं त्यात? पाझर तलावाच्या कामावर होतो सगळी. आई, मी, थोरली वहिनी. पुरुष माणसं खडी फोडायची, आम्ही पाट्या टाकायचो.”

मिलोचं विचारलं. मिलो म्हणजे अमेरिकेतून आलेली लाल ज्वारी. आत्याने तळहात उताणा करून दाखवला. “हातावर घेतली की भाकरी चिरायची. गरम पाण्यात पीठ मळलं तरी चिरायची. तव्यावर टाकेपर्यंत तिचे तुकडे. रंग विटकरीसारखा. धाकटा तर बघूनच रडायचा. पण सुकडी मिळायची कामावर, ती पोरं आवडीनं खायची.”

हे धान्य कोणी पाठवलं ते तेव्हा माहीत होतं का, असं विचारलं. “रेशनवर मिळायचं एवढं माहीत. हां, पण हजेरी कोण लावायचं त्याचं नाव सांगते. मुकादम नीट होता. आठवड्याचा पगार आठवड्याला झाला पाहिजे, एवढंच बघायचो आम्ही. एकदा थकवला तर बायका पाट्या टाकून बसल्या होत्या तिथंच. काम केलं होतं आमी, भीक नव्हती मागितली.”

मे १९७३ मध्ये दुष्काळी कामांवरच्या माणसांचा आकडा पन्नास लाखांच्या जवळ गेला होता. पुस्तिकेत हा आकडा आत्याच्या बोलण्यानंतर येईल, आधी नाही. आधी तो वाचला की माणूस नुसता दबून जातो. पाट्या टाकून बसलेल्या बायका डोळ्यांसमोर आल्या की तोच आकडा कळतो.

३० मार्च, गुढीपाडवा

सकाळी स्वागतयात्रा पाहिली, दुपारी लिहायला बसले. परवा म्यानमारमध्ये मोठा भूकंप झाला, ७.७ तीव्रतेचा. कालच भारताचं विमान पंधरा टन सामान घेऊन यांगूनला उतरलं. ऑपरेशन ब्रह्मा असं नाव आहे. तिथे लष्करी राजवट आहे, तिच्याशी चीनचेही संबंध आहेत, आपल्या ईशान्येची सरहद्द तिथे लागून आहे. या मदतीत राजकारण आहेच. पण ढिगाऱ्याखालच्या माणसाला ताडपत्री कोणत्या हेतूने आली याने फरक पडत नाही. पुढच्या महिन्यात ती येणार की नाही याने पडतो.

भारत घेणाराही होता आणि देणाराही आहे, हे पुस्तिकेत सलग यायला हवं. १९९३ मध्ये किल्लारीला बाहेरून मदत आली. २००४च्या त्सुनामीत आपण परदेशी सरकारांची मदत घ्यायला नकार दिला आणि श्रीलंकेला स्वतः पाठवली. २०२१ मध्ये अफगाणिस्तानला पन्नास हजार टन गहू द्यायचं ठरवलं, आणि २०२२ मध्ये त्यातला बराचसा वाघा-अटारीतून पाकिस्तानच्या रस्त्याने गेला. ज्या दोन देशांमध्ये व्यापार जवळजवळ बंद होता, त्यांच्या सरहद्दीतून गव्हाचे ट्रक गेले.

उद्या आर्थिक वर्ष संपतं. इमारतीतल्या ज्यांना मी देणगीसाठी गळ घालते, त्यांचा दरवर्षीचा प्रश्न : ८०जीची पावती मिळेल ना? यंदा बरेच जण नव्या करप्रणालीत गेले, तिथे ही वजावट नाही. तिसऱ्या मजल्यावरचे काका म्हणाले, “सवलत नाही म्हणून मी थांबणार नाही. पण तू पुस्तिकेत हे स्पष्ट लिही, लोकांना अंधारात ठेवू नकोस.” लिहिलं आहे.

२० एप्रिल

पीएल-४८०चं प्रकरण पूर्ण. आयझेनहॉवर यांनी १९५४ मध्ये सही केलेला हा कायदा. अमेरिकेतला जादा गहू रुपयांत विकत मिळायचा, डॉलर लागायचे नाहीत. आपल्याला ते सोयीचं होतं. दोन लागोपाठच्या दुष्काळांत, १९६६ मध्ये, वर्षाला एक कोटी टनांच्या आसपास धान्य बाहेरून आलं. पण तोवर जॉन्सन अध्यक्ष झाले होते, आणि त्यांनी दीर्घ मुदतीचा करार न करता महिन्या-दोन महिन्यांपुरतंच धान्य सोडायचं धोरण ठेवलं. शेती धोरण बदला, व्हिएतनामवर टीका आवरा, असा तो दबाव होता. गव्हाचं जहाज बंदरात कधी लागेल हे वॉशिंग्टनमध्ये ठरायचं. शास्त्रीजींनी सोमवारी एक वेळ जेवू नका असं सांगितलं होतं, ते याच काळात. तेव्हाचे कृषिमंत्री चि. सुब्रमण्यम यांनी मेक्सिकोहून अठरा हजार टन बियाणं आणायचं धाडस केलं त्यामागे ही अपमानाची ठसठस होती.

गाजर गवत या गव्हाबरोबर आलं, ही गोष्ट महाराष्ट्रात घरोघरी सांगितली जाते. मलाही ती घ्यायची होती. पण पुण्यात ते गवत सापडल्याची शास्त्रीय नोंद १९५६ मध्ये छापून आली, आणि भारताशी पहिला पीएल-४८० करार त्याच वर्षीच्या ऑगस्टअखेरचा. तारखा जुळवायला ओढाताण करावी लागते. गोष्ट कितीही रंगतदार असली तरी काढली. तिसऱ्या मजल्यावरच्या काकांचा एक नियम आहे, तो योग्यच : तारीख द्या, आकडा द्या, विशेषण काढा.

१० मे

संध्याकाळी भारत-पाकिस्तान शस्त्रसंधी जाहीर झाली. हा आठवडा ऑफिसात फार ताणाचा गेला. २ मेपासून पाकिस्तानचा माल कोणत्याही मार्गाने आणायला बंदी, त्यांच्या जहाजांना आपली बंदरं बंद. दुबईमार्गे आलेल्या प्रत्येक कंटेनरचं मूळ पुन्हा तपासत होतो. पुस्तिकेला हात लागला नाही.

८ जून

मोखाड्याला जाऊन आले. ठाण्याहून पहाटेची कसारा लोकल, पुढे जीप, खोडाळ्यावरून वर. हा भाग २०१४ पर्यंत ठाणे जिल्ह्यातच होता, नंतर पालघर वेगळा झाला. एक छोटी संस्था तिथे कुपोषित मुलांसाठी काम करते. नाव लिहीत नाही, त्यांनी तशी विनंती केली आहे.

पाड्यावर अंगणवाडीच्या ओट्यावर मुलं आणली होती. संस्थेच्या ताईंनी एकाच्या डाव्या दंडाला पट्टी गुंडाळली. पट्टीवर तीन रंग. साडेअकरा सेंटिमीटरच्या खाली लाल, साडेबारापर्यंत पिवळा, त्यावर हिरवा. दीड वर्षाच्या मुलीचा बाण लालच्या आत गेला. आईने पट्टीकडे पाहिलं नाही, ताईंच्या चेहऱ्याकडे पाहिलं. ताई शांतपणे म्हणाल्या, “दिवाळीआधी पिवळ्यात आली होती ना ही?” आई म्हणाली, “भट्टीवर गेलो मंग.”

भिवंडी-कल्याणकडच्या वीटभट्ट्यांवर इथली कुटुंबं दिवाळीनंतर जातात आणि पाऊस तोंडावर आला की परततात. तिथे ना अंगणवाडी, ना वजनकाटा. सहा महिन्यांत कमावलेलं वजन उतरतं. गावात रोजगार हमीचं काम वेळेवर निघालं आणि मजुरी वेळेवर मिळाली तर बरीच घरं जाणार नाहीत, असं ताईंचं मत. माझ्या स्लिपवरच्या दोनशे रुपयांचं दुसरं टोक मला त्या ओट्यावर दिसलं. तिथपर्यंत पोचता पोचता ते कुठे अडतात, हेही दिसलं.

मग ताईंनी खर्चाची वही दाखवली. देणग्या येतात त्या दप्तरं, चादरी, खाऊ यांसाठी, आणि वाढदिवस किंवा सणाच्या सुमारास. पाड्यापाड्यावर फिरणाऱ्या चार कार्यकर्त्यांचा पगार आणि जीपचं डिझेल यासाठी द्यायला कोणी तयार नसतं. “चादर नको म्हणता येत नाही हो. पण मुलीचं वजन चादरीनं वाढत नाही. तिच्याकडे दर पंधरा दिवसांनी कोणीतरी गेलं पाहिजे.”

गडचिरोलीत डॉ. अभय आणि राणी बंग यांनी ‘सर्च’मधून हेच दाखवून दिलं होतं. गावातल्या बाईला शिकवा, तिला घरोघरी नवजात बाळ बघू द्या. १९९९ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये त्यांचा शोधनिबंध आला : नवजात मृत्यूंचं प्रमाण ६२ टक्क्यांनी घटलं. त्यात महागडं यंत्र कुठलंच नव्हतं. पुन्हा पुन्हा दारात येणारी, शिकवलेली बाई होती. पुढे आशा कार्यकर्त्यांच्या कामात घरी जाऊन बाळ बघणं आलं, त्याचा पाया हा.

फोटो काढले नाहीत. पुस्तिकेत एकाही मुलाचा फोटो असणार नाही. दया वाटून दिलेला पैसा एकदाच येतो.

२ जुलै

काल अमेरिकेची मदत संस्था यूएसएड अधिकृतपणे बंद झाली. केनेडी यांनी १९६१ मध्ये स्थापन केली होती. उरलेलं काम परराष्ट्र खात्याकडे गेलं. मार्चमध्येच ८३ टक्के कार्यक्रम रद्द केल्याचं त्यांच्या परराष्ट्रमंत्र्यांनी सांगितलं होतं. ‘लॅन्सेट’मधल्या नव्या अभ्यासाचा अंदाज आहे की ही कपात अशीच राहिली तर २०३० पर्यंत १ कोटी ४० लाखांहून जास्त मृत्यू वाढतील, त्यांत ४५ लाख मुलं पाच वर्षांखालची. अंदाज आहे, प्रत्यक्ष मोजणी नाही, हे पुस्तिकेत तितकंच ठळक लिहायचं.

मंडळात वाद झाला. एक जण म्हणाले, अमेरिका स्वतःच्या फायद्यासाठी देत होती, गेली तर बरंच झालं. फायदा होता, मान्य. जॉन्सनच्या प्रकरणात मी तेच लिहिलं आहे. पण रुग्णाला गोळीवर अवलंबून केल्यावर गोळी एका सहीने काढून घेणं, हा न देण्यापेक्षा मोठा गुन्हा आहे. नुसतं न देणाऱ्यावर कोणी विसंबलेलं नसतं. हे वाक्य पुस्तिकेत जसंच्या तसं राहील, कोणाला कितीही कडक वाटो.

२८ ऑगस्ट

काल गणपती बसले आणि कालच अमेरिकेचं ५० टक्के आयातशुल्क लागू झालं. निम्मं आधीचं, निम्मं रशियाचं तेल घेतो म्हणून. आरतीच्या वेळीसुद्धा फोन वाजत होते. कोळंबी आणि कपड्यांच्या निर्यातदारांची झोप उडाली आहे.

रात्री मंडपात वर्गणीचा हिशोब झाल्यावर मी विषय काढला : इमारतीचा मासिक देणगी गट. ज्याला जेवढं जमेल तेवढं, दरमहा, बँकेतून आपोआप. मोखाड्याच्या संस्थेला, पगार आणि डिझेलसाठी, दुसरी कसलीही अट न घालता. निदान तीन वर्षं.

“एकरकमी दिवाळीला देऊ की. दरमहाची कटकट कशाला?” असं एक वहिनी म्हणाल्या. त्यांना आत्याच्या पाट्यांची गोष्ट सांगितली. मग १९७१चं तिकीट दाखवलं. हे मला एका जुन्या पाकिटावर मिळालं : पूर्व बंगालमधून एक कोटीच्या आसपास निर्वासित भारतात आले तेव्हा सरकारने १५ नोव्हेंबर १९७१ पासून टपालावर ५ पैशांचं ‘शरणार्थी सहायता’ तिकीट जादा लावायला सांगितलं. लग्नपत्रिका असो की नोकरीचा अर्ज, पत्र टाकणाऱ्याने पाच पैसे द्यायचे. त्याच्याही आधी अंताजी दामोदर काळे यांनी माणशी एक पैसा गोळा करून पैसा फंड उभारला, टिळकांनी पाठिंबा दिला, आणि १९०८ मध्ये तळेगावला काचेचा कारखाना उभा राहिला.

वहिनींनी तिकीट बराच वेळ हातात धरलं आणि म्हणाल्या, “पाचशे लिही माझ्या नावावर.”

२८ सप्टेंबर

मराठवाड्यात आणि सोलापुरात पुराने हाहाकार. सीना नदीने सोलापूर-धाराशिवची गावंच्या गावं पाण्यात घातली, बीडलाही तीच दशा. कापूस-सोयाबीन तर गेलंच, वरची माती खरडून गेली. माती परत यायला पिढ्या लागतात. आयुष्यभर दुष्काळाच्या बातम्या ज्या जिल्ह्यांकडून ऐकल्या, तिथे माणसं छपरावर बसली आहेत.

सोसायटीत जुन्या कपड्यांचं खोकं ठेवलं गेलं. आमच्या गटाने ते भरू दिलं नाही, थोडं वाईट दिसलं तरी. चारा, शेळ्या-गुरांची औषधं, वह्या-पुस्तकं यासाठी रोख पैसे पाठवले, तिथे आधीपासून काम करणाऱ्यांकडे. आणि ठरवलं की रब्बीच्या पेरणीच्या वेळी पुन्हा पाठवायचे. तोवर वाहिन्यांवर दुसरी बातमी आलेली असेल.

१२ ऑक्टोबर

शेवटचं प्रूफ तपासलं. ७ तारखेला राज्याने ३१,६२८ कोटींचं पॅकेज जाहीर केलं, त्याची एक ओळ तिसऱ्या प्रकरणात टाकली. पुढच्या आवृत्तीत त्यातलं शेतकऱ्यापर्यंत किती आणि कधी पोचलं ते द्यायचं आहे. त्यासाठी धाराशिवच्या एका शिक्षकांशी बोलून ठेवलंय, ते दर दोन महिन्यांनी कळवतील.

मलपृष्ठावर देणगीचं आवाहन नको, असं छापखान्यातल्या दादांनीही सुचवलं. त्याऐवजी पगाराच्या स्लिपचं चित्र दिलं आहे, व्यवसाय कराच्या ओळीभोवती चौकट करून. खाली फक्त १९७५, १९७७, १९७९, २००५.

मोखाड्याहून ताईंचा फोन होता. गटाचे पैसे या महिन्यातही ५ तारखेला जमा झाले. त्यांनी एक नवी कार्यकर्ती नेमली आहे, पाड्यावरचीच, बारावी झालेली. दिवाळीनंतर कुटुंबं भट्टीवर निघाली की ती भिवंडीकडे फिरणार, पट्टी आणि काटा बरोबर घेऊन. तिच्या रेल्वे पासाचे पैसे पुढच्या महिन्याच्या रकमेत वाढवायचे. वहिनींना आणि काकांना उद्या विचारते.